वानखडे साहेबांच्या हातातला दोरा

वानखडे साहेबांच्या हातात काळा दोरा होता, ही गोष्ट खरी आहे. मी ती नाकारत नाही. मी स्वतः तो दोरा पाहिला आहे, हाताळला आहे, आणि एकदा त्याची गाठही मारली आहे. माझं भांडण दोऱ्याशी नाही. त्यांच्या सोसायटीचे सेक्रेटरी पाटणकर शोकसभेत जे बोलले, त्याच्याशी आहे.

शोकसभा सोसायटीच्या हॉलमध्ये होती. दोघातिघांची भाषणं झाल्यावर पाटणकर उठले. चष्मा पुसला, घसा साफ केला आणि म्हणाले, "साहेबांनी आयुष्यभर बुवा-महाराजांना विरोध केला. आमच्याशीही वाद घातले. पण मंडळी, मी त्यांना शेवटचं हॉस्पिटलमध्ये भेटलो, तेव्हा त्यांच्या मनगटावर दोरा होता. माणूस कितीही वाद घालो, शेवटी वाटेवर येतोच."

हॉलमध्ये माना हलल्या. काही चेहऱ्यांवर तर समाधान दिसलं, जुनं येणं वसूल झाल्यासारखं. मी खुर्चीवरून उठलो. शेजारी वहिनी बसल्या होत्या, साहेबांच्या पत्नी. त्यांनी माझी बाही धरून मला खाली बसवलं. "बाळासाहेब, आज नको," एवढंच म्हणाल्या. त्यांच्या शब्दाखातर मी बसलो. नाहीतर मला माइकची गरज लागत नाही.

ते 'वाटेवर येतोच' अजून माझ्या घशात अडकून आहे. म्हणून हे लिहायला बसलो.

माझा धंदा जुन्या मशिनांचा. बंद पडलेल्या वर्कशॉपमधून लेथ, ड्रिल, मिलिंग उचलायचे, धुऊनपुसून, दुरुस्त करून विकायचे. भंगाराच्या दुकानात हमाली करत हे शिकलो. वडिलार्जित म्हणावं असं चुलत्यांनी काही शिल्लक ठेवलं नव्हतं. भाव पाडायचा कसा, हे मला कुणी शिकवलं नाही आणि कुणाकडून शिकायची गरजही पडली नाही. हडपसरच्या औद्योगिक वसाहतीत असंच एक वर्कशॉप मोडीत निघालं होतं, तिथं मी लेथ बघायला गेलो होतो. मशीन हिरव्यागार रंगानं रंगवलेलं, वर झेंडूचा हार, लिंबू-मिरची. मालक सांगत होता, "फार लकी मशीन आहे. बंगला यानंच दिला मला."

मी मनात म्हटलं, मग विकतोस कशाला. पण तोंडानं भावाचं बोलत होतो. तेवढ्यात कोपऱ्यात उभा असलेला एक उंच, हडकुळा माणूस पुढं आला. अर्ध्या बाह्यांचा पांढरा शर्ट, खिशात दोन पेनं आणि एक छोटा टॉर्च. तो स्वतःसाठी एक बाकाचा शेगडा, म्हणजे व्हाइस, घ्यायला आला होता. त्यानं लेथच्या बेडवरून नख फिरवत नेलं आणि काम पकडणाऱ्या चकच्या जवळ थांबला.

"इथं बघा," तो मला म्हणाला. "इथं झिजलं आहे. रंग नवा, मशीन जुनं."

मालक तडकला. "तुम्ही कोण?"

"मी इन्स्पेक्शनला होतो."

"कुठं?"

"आता कुठंच नाही. रिटायर झालो. सवय राहिली."

त्या एका नखानं माझा भाव बराच खाली आला. बाहेर पडल्यावर मी विचारलं, तुमचं काय द्यायचं? ते म्हणाले, "चहा पाजा." चहा पाजला, आणि त्या दिवसापासून वानखडे साहेब रोज सकाळी अकराच्या सुमाराला माझ्या गोडाऊनमध्ये येऊन बसायला लागले. ते मूळचे अकोल्याकडचे. नोकरीसाठी पुण्यात आले आणि एका कारखान्याच्या तपासणी खात्यात त्यांची हयात गेली. बोलणं तसं पुण्याचं, स्वच्छ. पण जीव गुंतला की गाव वर यायचं. "काय करून राहिले तुम्ही?" असं त्यांनी विचारलं, की समजावं, साहेबांचं लक्ष आता खरं इथं आहे.

त्यांच्या खिशात पिवळा खडू असायचा. कारखान्यात नापास मालावर पिवळी फुली मारायची पद्धत होती, ती त्यांच्या हातातून गेलीच नाही. माझ्या गोडाऊनमधली एक खुर्ची डुगडुगायची, तिच्या पाठीवर फुली. पाच मिनिटं मागं चालणाऱ्या घड्याळावर फुली. कुठल्याशा ज्योतिष्यानं वाटलेलं कॅलेंडर मी भिंतीला लावलं होतं, त्याच्या फोटोवर तर त्यांनी अशी बारीक, नीट फुली मारली की मला ते कॅलेंडर काढावंसं वाटेना. वर्षभर तसंच ठेवलं.

भूत, नजर, भविष्य, चमत्कार, काहीही निघालं की त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं. "मी नाही म्हणत नाही. दाखवा म्हणतो." त्यात चिडणं नसायचं, टोमणा नसायचा. भाजीवालीला पेरू कापून दाखव म्हणावं, तसं. लोकांना हेच जास्त लागायचं. नाही म्हणणाऱ्याशी भांडता येतं. दाखवा म्हणणाऱ्याचं काय करायचं, हे कुणाला सुचत नसे.

आता त्यांच्याविषयी माझीही एक तक्रार आहे, ती सांगून टाकतो. एकदा शिरूरकडचा एक गिऱ्हाईक ड्रिल मशीन बघायला आला. सौदा जमत आला होता. त्यानं सहज साहेबांना विचारलं, "काका, मशीन कसं आहे?" साहेब म्हणाले, "स्पिंडलमध्ये प्ले आहे, हलतं ते. भोक वाकडं पडेल." गिऱ्हाईक गेला. मी गोडाऊनचं शटर हलेल इतका ओरडलो. "तुम्ही माझ्या बाजूचे का त्याच्या?"

"मी मशीनच्या बाजूचा," साहेब म्हणाले.

मी त्यांचा चहा बंद केला. दुसऱ्या दिवशी ते घरून थर्मास घेऊन आले, त्याच खुर्चीवर बसले आणि झाकणात ओतलेला अर्धा चहा माझ्यासमोर ठेवला. महिनाभर असं चाललं. शेवटी मलाच लाज वाटून चहा सुरू करावा लागला. खरं बोललं की गिऱ्हाईक वाढतं, असं पुस्तकात असतं. तो शिरूरचा गिऱ्हाईक पुन्हा कधी आला नाही. पण मी ते स्पिंडल बदलून घेतलं, हेही खरं.

त्यांच्या सोसायटीत एकदा टाय लावलेला एक पोरगा आला होता. घरातली वाईट ऊर्जा शोधून देतो म्हणायचा. हातात तांब्याच्या दोन वाकड्या काड्या. त्या घेऊन हॉलमध्ये फिरायचा, काड्या एकमेकींवर आल्या की म्हणायचा इथं दोष आहे. आणि दोषावर ठेवायला पितळी पिरॅमिड विकायचा. हे पाटणकरच त्याला घेऊन आले होते. स्वतः दोन पिरॅमिड घेऊन बसले होते. साहेबांनी मलाही बोलावून घेतलं होतं, "या, एक नवीन मोजमापाचं यंत्र आलं आहे," म्हणून.

साहेबांनी काड्या हातात घेतल्या, भिंग लावून पाहिल्या आणि गंभीरपणे विचारलं, "याचं कॅलिब्रेशन कधी झालं?"

पोरगा गोंधळला. "म्हणजे सर?"

"म्हणजे हे बरोबर मोजतं, हे शेवटचं कधी तपासलं?"

पाटणकर म्हणाले, "वानखडे, प्रत्येक गोष्ट कारखाना नसते."

"मी नाही म्हणत नाही. दाखवा म्हणतो," साहेब म्हणाले. वहिनींकडून त्यांनी एकसारखे स्टीलचे पाच डबे मागवले. पोराला बाहेर पाठवून एका डब्यात पिरॅमिड ठेवला. "तुमच्या काडीला दोष कळतो, तर त्याचा उतारा पण कळेल. पिरॅमिड कशात आहे, सांगा." पोरगा आत आला, काड्या फिरवल्या, डबा उघडला, रिकामा. पुन्हा केलं, पुन्हा रिकामा. तिसऱ्या वेळी पोराच्या कपाळावर घाम आला आणि काही लोक हसायला लागले. साहेब हसले नाहीत. त्यांनी हसणाऱ्यांकडे असं पाहिलं की हॉल गप्प झाला. मग त्या पोराला आपल्या घरी नेऊन पोहे खाऊ घातले. कर्वेनगरला खोली घेऊन राहायचा, कंपनीतली नोकरी सुटली होती, लग्न ठरलेलं होतं. "त्याला कुणीतरी ह्या काड्या विकल्या आहेत," साहेब नंतर मला म्हणाले. "तोही गिऱ्हाईकच." पिरॅमिड ठेवलेल्या टेबलावर मात्र पिवळी फुली होती. पाटणकरांनी ती ओल्या फडक्यानं पुसलेली मी पाहिली. मला वाटतं, शोकसभेतलं भाषण त्या दिवशीच तयार व्हायला लागलं.

लोकांना वाटायचं साहेब देवाच्या विरुद्ध आहेत. त्यांच्या घरी सकाळी कुणी गेलं असतं तर कळलं असतं. वहिनींची रोज तासभर पूजा. तिला लागणारी फुलं साहेब स्वतः खालच्या झाडाची खुडून आणायचे, कळ्या वेगळ्या, उमललेली वेगळी, किडलेली बाजूला. मी एकदा चिडवलं, "साहेब, इथं दाखवा म्हणत नाही का?"

"ती मला काही विकत नाही," ते म्हणाले. "आणि तिच्या पूजेनं कुणाचं औषध बंद होत नाही."

हे औषधाचं बोलणं पुढं माझ्याच घरात येणार आहे, हे तेव्हा मला माहीत नव्हतं.

अक्का माझी थोरली बहीण. आई लवकर गेली, मला अक्कानंच वाढवलं. तिचा नवरा वारल्यावर मी तिला माझ्याकडे घेऊन आलो. तिला साखरेचा आजार आहे, रोज इन्शुलीनची सुई घ्यावी लागते. गल्लीतल्या बायका दर अमावस्येला सोलापूर रस्त्यावरच्या एका मंगल कार्यालयात एका महाराजांच्या दर्शनाला जायच्या, त्यांच्याबरोबर अक्काही जायला लागली. मी लक्ष दिलं नाही. म्हातारीला चार बायकांत बरं वाटत असेल, एवढंच वाटलं.

महाराज समोर आलेल्याचं दुखणं न विचारता सांगायचे, अशी ख्याती. अक्काला बघून ते म्हणाले होते, "तुझ्या रक्तात गोडवा शिरला आहे, माय. सुया टोचून देहाची चाळणी केलीस." मग अंगारा दिला, तो पाण्यातून घ्यायचा, आणि सुई बंद करायची. अक्कानं कुणाला न सांगता सुई बंद केली. बाटली फ्रीजमध्ये जिथल्या तिथं, त्यामुळे आमच्या घरात कुणाला संशय आला नाही. तिच्या पायाला एक जखम झाली, ती भरेना, तेव्हा डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर रक्ताचा रिपोर्ट बघून आधी माझ्यावरच ओरडला. म्हणाला, आणखी थोडे दिवस असेच गेले तर पाय ठेवता येणार नाही. आणि पायावरच थांबेल असंही नाही.

घरी येऊन मी अक्काला जे बोललो ते लिहिण्यासारखं नाही. ऐकून झाल्यावर ती म्हणाली, "बाळ्या, तू वरडून माझी साखर उतरती व्हय? म्हाराजांनी न सांगता वळखलं. तुझ्या डाक्टरला रगत काढावं लागतं."

मी तणतणत गोडाऊनवर गेलो आणि साहेबांना सांगितलं, की आज त्या महाराजाला मांडवासकट उचलून बाहेर फेकतो. साहेबांनी सगळं ऐकून घेतलं.

"अक्कांना तिथं काय दिसलं, ते आधी आपण बघू," ते म्हणाले. "मग फेका."

अमावस्या दोनच दिवसांवर होती. आम्ही अक्काबरोबर गेलो. कार्यालयाच्या लॉनवर मांडव, खुर्च्यांच्या लांब रांगा, बाहेर गाड्या लावून घ्यायला शिट्ट्या घेतलेली पोरं. रांगेत बसलेल्यांना ताक वाटायला बायका फिरत होत्या. आमच्यापाशी एक आली, फार गोड बोलायची. कुठून आलात दादा, काय त्रास आहे, किती दिवसांपासून. मी खरं ते सांगितलं, चुलतभावांशी जमिनीची केस चालू आहे म्हणून. साहेबांनी बिनदिक्कत ठोकून दिलं, "मुलीचं लग्न जमत नाही हो." त्यांची मुलगी बंगळूरला आहे, तिला दोन मुलं आहेत.

थोड्या वेळानं दुसरी एक सेवेकरी आली आणि प्रत्येकाच्या हातात एकेक फूल देऊन गेली. महाराजांपुढं जाताना हातात धरायचं. मला गुलाब, साहेबांना पांढरी शेवंती. अक्काच्या हातात नारिंगी झेंडू. साहेब बराच वेळ रांगेकडे बघत बसले. ताकवाली कुणाशी काय बोलते आणि त्याला कुठलं फूल येतं, हे बघत होते. मग त्यांचा चेहरा असा उजळला, की जणू कारखान्याचा भोंगा पुन्हा वाजला.

"बाळासाहेब," ते माझ्या कानात म्हणाले, "हे तर टॅग लावून माल पुढं सोडून राहिले."

कारखान्यात प्रत्येक कामाला रंगीत चिठ्ठी अडकवतात. पुढच्या बाकावरच्या माणसाला विचारावं लागत नाही, रंग बघितला की त्याला कळतं याचं काय करायचं. इथं गुलाब म्हणजे जमीन, कोर्टकचेरी. शेवंती म्हणजे लग्न. झेंडू म्हणजे आजार. पिवळा इतर दुखण्यांचा, आणि नारिंगी साखरेचा.

"द्या तुमचं फूल," साहेब म्हणाले. आम्ही फुलं बदलली.

महाराजांसमोर माझा नंबर आला. त्यांनी डोळे अर्धे मिटले, माझ्या हाताकडे पाहिलं, आणि म्हणाले, "लेकीच्या लग्नाची चिंता तुला आतून पोखरते आहे." मला दोन मुलगेच आहेत. दोघांचीही लग्नं झालेली आहेत. मागून आलेल्या साहेबांना ते म्हणाले, "भावकीनं जमीन गिळली तुझी." साहेबांनी हात जोडले आणि "असं होय," म्हणाले. त्यांच्या घराण्यात जमीन कधी नव्हतीच.

माझं डोकं फिरलं. मी तोंड उघडणार, तेवढ्यात साहेबांनी माझ्या पायावर पाय दाबला.

"गप्प."

"का गप्प? इतक्या लोकांत याला उघडा पाडतो."

"अक्का मागं उभ्या आहेत. इतक्या लोकांत त्यांना वेडं ठरवायचं आहे का? त्या आपलं ऐकतील मग कधी?"

मी गप्प बसलो. आयुष्यात फार कमी वेळा बसलो आहे, त्यातली ही एक. त्याबद्दल साहेबांवर माझा राग बरेच दिवस होता, कारण तो महाराज अजून आहे. आता मांडव आणखी मोठा झाला आहे. आम्ही पोलीस चौकीतही जाऊन आलो. त्यांनी विचारलं, ज्या बाईंना त्रास झाला त्या तक्रार देणार का? अक्का काही देणार नव्हती.

घरी आल्यावर मी तिला फुलांचा सगळा हिशोब उलगडून सांगितला. मला वाटलं, आता हिचे डोळे उघडतील. ती म्हणाली, "फुलं कुणी बदलली? तुमीच ना? मंग लबाडी तुमी केली. म्हाराज काय करतील?" आणि उठून आत गेली. फ्रीजमधली बाटली तशीच राहिली.

दुसऱ्या दिवशी साहेब माझ्या घरी आले. अक्का गॅलरीत पाय स्टुलावर ठेवून बसली होती. साहेब खाली तिच्या पायाशी बसले, पट्टी बांधलेला पाय बघितला. अक्काच बोलली.

"साहेब, तुमी शिकल्याली मान्सं. पर काल केलं ते बरं न्हाई केलं. परीक्षा बघनाऱ्याला पीडा लागती म्हनत्यात. माझ्यापायी तुमाला काय झालं म्हंजे?"

"मला काय होणार आहे, अक्का?"

"हुतंय. मला झोप न्हाई लागली." तिनं कमरेच्या पिशवीतून काळा दोरा काढला. "ह्यो बांधा. म्हाराजांचाच हाय. मंग मला घोर न्हाई."

मी साहेबांच्या तोंडाकडे बघत राहिलो. आता 'दाखवा' येणार. साहेबांनी दोरा हातात घेतला, खिशातून भिंग काढलं, उजेडाकडे धरून नीट पाहिला.

"सूत आहे," ते म्हणाले. "सुताला माझी हरकत नाही. बांधा. पण मी फुकट बांधून घेणार नाही."

"मंग?"

"तुम्ही रोज सुई घ्यायची. ज्या दिवशी सुई नाही, त्या दिवशी माझ्या हातात दोरा नाही. मी काढून ठेवीन."

"आन तवा तुमाला काय झालं तर?"

"ते मग तुमच्यावर."

अक्का विचारात पडली. माझी बहीण आहे, सौदा तिलाही कळतो. "तुमी काडला का न्हाई, मला कसं कळनार?"

"मी रोज येऊन दोरा दाखवीन. तुम्ही मला सुई दाखवायची."

"आंगुळीला बी काडायचा न्हाई."

"नाही काढत."

"शनवारी मटान न्हाई खायाचं."

"हे नाही जमणार," साहेब म्हणाले. "शनिवारी माझा भाचा येतो, त्याच्यासाठी होतंच."

"मंग आमुशाला न्हाई."

"अमावस्या सोडली तुमच्यासाठी."

अक्कानं दोरा बांधला. तिच्या त्या घट्ट गाठी मला लहानपणापासून माहीत आहेत, माझ्या चड्डीच्या नाड्या तिनंच बांधल्या आहेत. मग ती उठली, लंगडत फ्रीजपाशी गेली, बाटली काढली, आणि साहेबांसमोर सुई घेतली. मी आयुष्यभर सौदे केले आहेत. समोरच्याला जे द्यायचं ते कमीत कमी कसं होईल, हेच बघत आलो. ह्या माणसानं स्वतःचं नाव देऊन टाकलं आणि वर मटणावर घासाघीस केली, अक्काला आपण जिंकलो असं वाटावं म्हणून.

जिना उतरताना त्यांनी शर्टाच्या खिशावर हात ठेवला. तसं केलं की त्यांना काहीतरी सांगायचं असे. "हे बाहेर बोलायचं नाही, बाळासाहेब. गल्लीत कळलं तर अक्कांचं हसं होईल. म्हणतील, म्हातारीला दोऱ्यात गुंडाळलं."

"आणि तुमचं झालं तर?"

"मी इन्स्पेक्शनला होतो. मला कुणी हार घालत नव्हतं तिथं."

त्यानंतर साहेबांनी अर्ध्या बाह्यांचे शर्ट घातले नाहीत. ऐन मे महिन्यात मनगटापर्यंत बटणं. पाटणकर विचारायचे, "काय वानखडे, थंडी वाजते का?" साहेब म्हणायचे, "वयाप्रमाणे वाजते." रोज अकराला गोडाऊनवर यायच्या आधी ते माझ्या घरी जात. अक्का सुई दाखवी, साहेब बाही वर करून दोरा दाखवत. दोघंही एकमेकांचं नीट तपासत. अक्काच्या पायाचं एक बोट काढावं लागलं. पाय राहिला. तो सुईनं राहिला का दोऱ्यानं, यावर त्या दोघांचं शेवटपर्यंत एकमत झालं नाही. चहा पिताना वाद चालायचा. दोरा झिजला की अक्का दुसरा बांधायची, आणि साहेब प्रत्येक नव्या दोऱ्याला भिंग लावायचे.

आता हे मी उघड लिहितो आहे ते अक्काला विचारून. शोकसभेतलं तिला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "ल्ही. सगळं ल्ही. माझं हसं झालं तर हू दे. त्येंचं झालंच की."

साहेबांना हृदयाच्या त्रासानं दाखल केलं, तेव्हा मी रोज जात होतो. एका संध्याकाळी गेलो तर त्यांचा उजवा हात सलाईननं सुजला होता आणि दोरा मनगटात रुतला होता. सिस्टर कात्री घेऊन उभी होती आणि साहेबांनी हात पोटाशी घट्ट धरला होता.

"बघा ना, काका ऐकत नाहीत," ती मला म्हणाली. "दोरा कापावाच लागेल. श्रद्धा आहे, समजतं आम्हाला, पण हात सुजलाय."

साहेब तिला काहीच बोलले नाहीत. 'श्रद्धा नाही' एवढं म्हणायला त्यांना कितीसा वेळ लागला असता. ते माझ्याकडे बघून म्हणाले, "बाळासाहेब, कापू देऊ नका. सोडा, आणि डाव्या हातात बांधा."

अक्काची गाठ सोडवायला माझी नखं लागली. दोरा काढून मी त्यांच्या डाव्या मनगटावर बांधत होतो, तेवढ्यात पाटणकर सफरचंदाची पिशवी घेऊन दारात उभे राहिले. त्यांनी काय पाहिलं असेल ते पाहिलं. पिशवी ठेवली, पाच मिनिटं बसले, चेहऱ्यावर एक ओलसर हसू घेऊन गेले. साहेबांच्या ते लक्षात आलं होतं. मी दाराकडे वळलो, त्यांना जिन्यात गाठून सांगावं म्हणून.

"बसा," साहेब म्हणाले. "गाठ नीट मारा. अक्का तपासतील."

मी गाठ मारली.

"आज सुई घेतली त्यांनी?"

"घेतली."

"तुम्ही पाहिली?"

"नाही. ती म्हणाली, घेतली म्हणून."

साहेबांनी डोळे मिटले आणि मान हळूच नकारार्थी हलवली. आवाज फार खाली गेला होता, पण शब्द तोच होता. "फोन लावा. दाखवा म्हणावं."

मी व्हिडिओ कॉल लावला. सुनेनं तिकडं फोन धरला. आधी आमच्या घराचा पंखा दिसला, मग भिंत, मग अक्का. ती पुटपुटत फ्रीजपाशी गेली, म्हणाली, "सकाळची झाली, संध्याकाळची ऱ्हायली हाय, थांबा," आणि भरलेली सुई पडद्यासमोर आणून धरली. साहेबांनी चष्मा मागितला. मी तो त्यांच्या नाकावर ठेवला. त्यांनी सुई पाहिली, मग आपला डावा हात चादरीवरून उचलला. मी कोपराखाली आधार दिला. त्यांनी मनगट फोनसमोर धरलं.

अक्कानं तोंड पडद्याच्या अगदी जवळ आणलं.

"हात बदलला," ती म्हणाली.

"सूज आहे," साहेब म्हणाले. "दोरा तोच आहे."

"गाठ ढिली हाय. बाळ्यानं मारली दिसती."

"हो," साहेब म्हणाले. "पास करून घ्या एवढ्या वेळी."